क्लिप न देणाऱ्या सिस्टर

आमच्या मोठ्या सिस्टर मागितलेली क्लिप देत नसत. लालबागच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात पित्ताशयाची ऑपरेशनं करणाऱ्या प्रत्येक सर्जनने ही तक्रार कधी ना कधी केली आहे. मी तर ती लेखी केली होती. ट्रस्टच्या ऑफिसने माझा अर्ज फाईलला लावला, फाईल ठेवायला थिएटरच्या कपाटात पाठवली, आणि त्या कपाटाची किल्ली सिस्टरांच्या कमरेला असल्यामुळे तो अर्ज वाचणाऱ्या त्या पहिल्या आणि शेवटच्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, अक्षर सुधारलंय तुमचं."

क्लिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा चिमटा. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना त्याला जोडलेलं जे काही असेल ते या क्लिपांनी बंद करायचं आणि मग कापायचं. सर्जनने पडद्यावरची नजर न हलवता हात पुढे करायचा, "क्लिप" म्हणायचं, आणि सिस्टरने क्लिप भरलेलं हत्यार त्या हातात ठेवायचं, अशी सगळीकडची रीत. आमच्याकडे पुढे गेलेला हात तसाच हवेत राहायचा. मास्कच्या आडून आवाज यायचा, "काय दिसतं ते बोला. दोन दाखवा, मग देते."

दोन का, तर पित्ताशयात दोनच गोष्टी शिरतात: पित्ताची एक छोटी नळी आणि एक बारीक रक्तवाहिनी. त्या दोन्ही स्वच्छ मोकळ्या होऊन त्यांच्या मागे यकृत दिसेपर्यंत कशालाही क्लिप लावू नये, हे आमच्या पुस्तकातही आहे. कारण छोट्या नळीला खेटूनच पित्ताची मुख्य नळी असते. यकृतातलं सगळं पित्त तिच्यातून आतड्यात उतरतं. छोटी समजून ती मोठी कापली गेली, तर माणूस पिवळा पडतो आणि पुढची वर्षं हॉस्पिटलच्या खाटांवर काढतो. काही जण तेवढीही काढत नाहीत. हे सगळं आम्हाला पाठ होतं. ते आम्हाला एका सिस्टरने ऐन वेळी मोठ्याने म्हणायला लावावं, एवढंच पटत नव्हतं.

सिस्टर माझगावच्या. तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, लाकडी जिन्याच्या घरात जन्मल्या आणि लग्न करून चार घरं सोडून पलीकडे गेल्या. नवरा गोदीत कामाला होता. "मुंबईला मुंबई म्हणायच्या आधीपासून आम्ही इथं हाय," असं त्या फुशारकी न मारता, पत्ता सांगावा तसं सांगायच्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, आणि चालणं असं की कॉरिडॉरच्या टोकाला दिसल्या की आपण आपोआप भिंतीकडे सरकावं. त्यांच्या बोलण्यात 'ळ' नावाला नव्हता. डोळ्यांना त्या डोले म्हणत आणि काविळीला कावील. माझं पुणेरी वळणाचं मराठी ऐकून सुरुवातीला त्यांची फार करमणूक व्हायची.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो एमबीबीएस नुकताच झालेला हाऊसमन म्हणून. थिएटरमधला पहिला दिवस. सिस्टरांनी ग्लव्हजचा नंबर विचारला. मी "साडेसात" म्हणून टाकलं, कारण आमच्या मोठ्या सरांचा साडेसात होता. त्यांनी माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि साडेसहाची जोडी उघडून ठेवली. मी लाल झालो. त्या म्हणाल्या, "मोठे ग्लव्हज घातले म्हणून हात मोठा होत नाय, डॉक्टर. बोटं तेवढी सैल होतात." ते ग्लव्हज मला अगदी बरोबर बसले. आजही मी साडेसहाच वापरतो.

पुढे मी एमएस करायला गेलो, दुर्बिणीची ऑपरेशनं शिकलो, नाव मिळवलं आणि सहा-सात वर्षांनी त्याच हॉस्पिटलात सर्जन म्हणून परतलो. हाताला यश होतं, आणि ते मला माहीत होतं. डिलाईल रोडपासून शिवडीपर्यंतचे पेशंट माझं नाव विचारत यायचे. वॉर्डमधल्या मावशी, मामा, भूल देणाऱ्या मॅडम, सगळे मला 'सर' म्हणू लागले. सिस्टर 'डॉक्टर'च म्हणत राहिल्या. मी एकदा गमतीने सुचवून पाहिलं, की आता बढती द्यायला हरकत नाही. त्या रक्त टिपायच्या गॉझच्या घड्या मोजत होत्या. मोजणं न थांबवता त्यांनी मान हलवली आणि मला तो होकार की नकार, ते अजून कळलेलं नाही.

मोजणं हा त्यांचा आणखी एक नेम. पोट शिवण्याआधी आत काही राहिलं नाही ना म्हणून गॉझ मोजतात. सगळीकडे ते इंग्रजीत चालतं. सिस्टर मराठीत मोजायच्या, आणि मोठ्याने. "अकरा, बारा, तेरा..." सुई हातात धरून आम्ही शहाण्यासारखे उभे. इंग्रजी उत्तम येत असताना मराठीत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "प्रार्थना मराठीत करते, हिशेब मराठीत करते. दोन्हीकडे चुकून चालत नाय ना." मे महिन्यात त्या आठ दिवसांची रजा काढून बॉटल मसाला करायच्या, वीस-बावीस जिनसा भाजून, कुटून, बाटल्यांत ठासून. रजेवरून आल्या की प्रत्येक सर्जनला एक बाटली मिळायची. ज्याच्याशी त्या वर्षी सगळ्यात जास्त वाजलं असेल त्याला दोन. माझ्या आईला माझगावचा तो मसाला इतका आवडायचा, की मी सिस्टरांशी भांडतो याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

आता हिराबाईंबद्दल सांगायला हवं. हिराबाई कोळीण. लालबागच्या बाजारात मासे विकायची, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. वर्षभर जेवण झालं की पोटात कळ यायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. माझ्या दृष्टीने हे रोजचंच काम, पाऊण तासाचं. आदल्या दिवशी मी राऊंडला गेलो तेव्हा सिस्टरही बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेशंटला आदल्या दिवशी बघून येणं त्या कधी चुकवत नसत.

हिराबाईने माझे हात बघितले आणि विचारलं, "तूच काढनार काय रं?"

"हो, मावशी."

"मासली साफ करताना पित्ताची पिशवी फुटली, तं सगली मासली कडू व्हते. गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारते. मी चालीस वर्सं साफ करते, माज्या हातून एकदा पन नाय फुटली. आदी बगायचा पिशवी कुटं हाय, मंग सुरी लावायची. समाजला?"

मी हसून "समजलं" म्हटलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हिराबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी असते तिथं. नीट बघून काढतील." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "या बाईला आपल्या थिएटरला नोकरीला ठेवायला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईच्या बेंबीतून कॅमेरा आत गेला आणि पडद्यावर यकृत दिसलं. चांगलं, तांबूस, चकचकीत. पित्ताशय कुठेच नव्हतं. यकृताच्या मधून पडद्यासारखी एक पट्टी खाली उतरते. पित्ताशय त्या पट्टीच्या उजवीकडे असतं. माझं असो, तुमचं असो, आजवर मी काढलेलं शेकडो पेशंटांचं असो, उजवीकडेच. हिराबाईचं डावीकडे होतं, पट्टीच्या पलीकडे, यकृताच्या डाव्या भागाखाली सरकून बसलेलं. बाकी सगळे अवयव जागच्या जागी. अशी माणसं फार विरळा. मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. सोनोग्राफीतही हे बहुधा लक्षात येत नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आता हे मासिकात छापून येणार, दादरच्या सर्जनांच्या सभेत दाखवायला मिळणार, असं पहिलं मनात आलं. मी रेकॉर्डिंग चालू आहे ना ते तपासलं. हत्यारं आत न्यायचं एक नळकांडं डावीकडे सरकवून घातलं, पित्ताशय पकडून वर ओढलं आणि त्याच्या मानेपाशी साफ करायला लागलो. हात छान चालत होता. थोड्या वेळात एक नळी मोकळी झाली. पित्ताशयाच्या मानेतून निघून सरळ खाली जाणारी, सुरेख. रक्तवाहिनी दिसत नव्हती, पण ती मागे असणार, हे मी गृहीत धरलं. पित्ताशयाने जागा बदलली होती, माझा अंदाज कशाला बदलेल? मी हात पुढे केला.

"क्लिप."

"काय दिसतं ते बोला."

"नळी."

"दोन दाखवा, डॉक्टर."

"सिस्टर, एक समोर आहे, दुसरी मागे आहे. पित्ताशय डावीकडे आहे, दिसतंय ना? हे नेहमीसारखं नाही. क्लिप द्या."

"नेहमीसारखं नाय, म्हणूनच. मागची पण दाखवा. मग देते."

मी पुन्हा कामाला लागलो, रागाने. आता खालून जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून पित्ताशय वरच्या टोकापासून यकृतापासून सुटं करत खाली यायचं ठरवलं. या वाटेने वेळ लागतो, पण चुकायला जागा कमी. भूल देणाऱ्या मॅडमनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तासाने पित्ताशय जवळजवळ सुटं होऊन खाली लोंबायला लागलं, त्यावरचा ताण गेला, आणि माझ्या पडद्यावरचं चित्र बदललं. मी जिला पित्ताशयाची नळी समजत होतो ती ताण सुटताच आपल्या जागी परत गेली. ती मुख्य नळी होती. मी वर ओढल्यामुळे ती ताणून पित्ताशयाचीच असल्यासारखी दिसत होती. खरी छोटी नळी तिच्या समोरून आडवी जाऊन उजव्या बाजूने तिला मिळत होती, आणि रक्तवाहिनी भलतीकडूनच आलेली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्क होता म्हणून बरं. मी हत्याराचं टोक एकेकीवर नेलं. मग म्हणालो, "नळी ही. रक्तवाहिनी ही. मागे यकृत. मुख्य नळी ती खाली, वेगळी."

वाक्य पुरं व्हायच्या आत क्लिप माझ्या हातात होती.

हिराबाई तिसऱ्या दिवशी घरी गेली आणि महिन्याभरात बाजारात बसायला लागली. जाताना तिने एवढंच विचारलं, "फुटला नाय ना?" सिस्टरांनी तिचे खडे धुऊन, पुसून, एका छोट्या बाटलीत घालून तिच्या हातात ठेवले. प्रत्येक पेशंटचे खडे त्या अशाच द्यायच्या, आणि लोक ते घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवायचे. हिराबाईने बाटली उन्हात धरून खडे पाहिले आणि म्हणाली, "एवड्यासाटी?"

ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी, कपडे बदलून निघताना, मी सिस्टरांना थांबवून आभार मानले. मला ते फारसं जमलं नाही. त्यांनी मला जिन्यातल्या बाकावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्या नव्याने लागल्या होत्या तेव्हाची, दुसऱ्या एका हॉस्पिटलातली. दुर्बीण यायच्या आधीचा काळ. सर्जन फार मोठे होते. "त्यांचा हात पुढं यायच्या आत मी चिमटा देत होते. सगले म्हणायचे, काय फास्ट पोरगी आहे. मला पण बरं वाटायचं. एक दिवस असाच दिला." पेशंट परळच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते. मुख्य नळी बांधली गेली. मास्तर पिवळे होऊन परत आले, पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा आले. अंगाला इतकी खाज सुटायची की नखांनी हात-पाय ओरबाडून घ्यायचे. चार वर्षांनी गेले. "दर वेली आले की मला विचारायचे, सिस्टर, कशा आहात? मुलगी कितवीला गेली? त्यांना काय माहीत, चिमटा कुणी दिला ते."

मी म्हणालो, चूक सर्जनची होती, तुमची कशी? त्या उठल्या. "ते तुमच्या पुस्तकात. माझा हात मला माहीत आहे." आणि बस पकडायला निघून गेल्या.

यानंतर मी सुधारलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण झालं उलटंच. दोन महिन्यांनी दादरच्या एका हॉलमध्ये सर्जनांची सभा होती, आणि मी हिराबाईच्या ऑपरेशनची फिल्म दाखवायला नेली. जागा सोडून बसलेलं पित्ताशय दुर्बिणीतून कसं काढावं, हा विषय. तीन तासांचं रेकॉर्डिंग मी आठ मिनिटांवर आणलं. ते करताना मधला एक तुकडा काढून टाकला. एक मिनिट आणि वीस सेकंदांचा. त्यात पडद्यावर काहीही हलत नाही. माझी हत्यारं स्थिर आहेत, नळी समोर आहे, आणि क्लिप येत नाही. त्याच्यापुढचा, वरून सुटं करत येण्याचा भाग मी असा जोडला, की मी सुरुवातीपासून त्याच वाटेने गेलो असं वाटावं.

टाळ्या पडल्या. अंगावर मूठभर मांस चढलं. एका वयस्कर सर्जनांनी उठून विचारलं, "मुख्य नळी कोणती, हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"लगेच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी थिएटरला गेलो. सिस्टर म्हणाल्या, पिक्चर मला पण दाखवा. मी फिल्म थिएटरच्याच पडद्यावर लावली. त्या उभ्याने बघत होत्या, हात पाठीमागे बांधून. आठ मिनिटं संपली. त्यांनी पेढा घेतला नाही.

"आपण थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "ते कुठं गेलं?"

मी म्हटलं, वेळ कमी होता, फार लांबलं असतं, आणि शिवाय तुमचं नाव मी शेवटी घातलं आहे, बघा. खरोखरच घातलं होतं, आभाराच्या पाटीवर, बारीक अक्षरात.

"माझं नाव कशाला पायजे? नावाचं काय करू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तिथं किती डॉक्टर बसले होते? त्यांनी बघितलं, की असं पित्ताशय आलं की तुमच्यासारखं सरल जायचं, लगेच कलतं. उद्या त्यातल्या एकाला असा पेशंट भेटला तर? तो थांबेल? तुम्ही त्याला थांबायचंच दाखवलं नाय."

मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मी तेव्हा तपासलं नाही. त्यांनी पेढ्यांचा खोका उचलून मावशींच्या हातात दिला. पुढचे काही महिने आमचं कामापुरतं बोलणं चाललं. मी "क्लिप" म्हणायच्या आधी "नळी, रक्तवाहिनी, मागे यकृत" असं घडाघडा म्हणायचो, त्या क्लिप द्यायच्या. त्या वर्षी मे महिन्यात मला मसाल्याच्या तीन बाटल्या मिळाल्या.

सिस्टर निवृत्त झाल्या. ट्रस्टने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. माझगावचं घर भावाकडे सोपवून त्या वसईला लेकीकडे जाणार होत्या. त्यांच्या निरोपाच्या चहाला मी भाषण केलं आणि सगळ्यांना हसवलं. घरी जाताना मात्र मला चैन पडेना. बाई जन्मभर एकदा चुकलेला हात सांभाळत राहिली, आणि मी माझी चूक कात्रीने कापून आठ मिनिटांत टाळ्या घेऊन आलो होतो. मी दादरच्या सभेच्या चिटणिसांना फोन केला आणि म्हटलं, मला तीच फिल्म पुन्हा दाखवायची आहे. ते म्हणाले, दाखवून झाली आहे ना? मी म्हटलं, नाही, झालेली नाही.

सिस्टरांना मी आग्रहाने बोलावलं. त्या लेकीबरोबर आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या, चॉकलेटी साडी नेसून. थिएटरच्या कपड्यांशिवाय मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी हॉलच्या मागच्या बाजूला नर्सिंगच्या मुलीही होत्या, दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी आलेल्या. मी तो तुकडा जागेवर परत लावला होता. एक मिनिट आणि वीस सेकंद. पडद्यावर काही हलेना, तेव्हा कुणाला तरी वाटलं फिल्म अडकली. मी म्हणालो, "अडकलेली नाही. मी इथे मुख्य नळीला क्लिप लावणार होतो. मी क्लिप मागितली आणि आमच्या सिस्टरांनी ती दिली नाही. मागच्या वेळी मी म्हणालो होतो, की मला लगेच कळलं. ते खोटं होतं."

ते वयस्कर सर्जन पुढच्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "त्या सिस्टर आल्या आहेत का?" आणि त्या उभ्या राहिल्यावर ते स्वतःही उभे राहिले. मग बाकीचेही. सिस्टर घाईघाईने खाली बसल्या.

बाहेर पायऱ्यांवर त्या लेकीची वाट बघत थांबल्या होत्या. ती टॅक्सी आणायला गेली होती. मी जवळ गेलो. मन हलकं झालं होतं आणि, लपवत नाही, थोडं कौतुक ऐकायची इच्छा होती. मी विचारलं, "आता बरोबर झालं ना, सिस्टर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगलं बोललात," त्या म्हणाल्या. "पण एकदा नाय. तीनदा मागितली होती तुम्ही."

"हो, म्हणजे एकदा काय, तीनदा काय..."

"तिसरी वेलच सांगायची होती. पहिल्यांदा नाय म्हणायला काय लागतं? कुणीपण म्हणेल. दुसऱ्यांदा पण म्हणेल. तिसऱ्यांदा सर्जन ओरडला, की हात आपोआप पुढं जातो. मागं त्या पोरी बसल्या होत्या, डॉक्टर. त्यांना ते कलायला पायजे होतं."

टॅक्सी आली. त्यांनी माझ्या हाताला हात लावला, लेकीने दार उघडलं, आणि त्या वसईला गेल्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्या वर्षी लेकीचाच फोन आला, की झोपेत गेल्या. माझगावला नेऊन पुरलं तेव्हा मी होतो. आमच्या थिएटरमधली सगळी माणसं होती. हिराबाई मासळीचा धंदा बंद ठेवून आली होती. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही, आणि ते कुणापासून लपवावं असंही वाटलं नाही.

तिसऱ्या वेळेचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही. वर ऑपरेशनचं लिहिताना मी दोनदा नकार ऐकला आणि "पुन्हा कामाला लागलो" असं लिहून पुढे गेलो आहे. तसं झालं नव्हतं. दुसऱ्या नकारानंतर मी पडद्यावरची नजर काढली, सिस्टरांकडे वळलो आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा ओरडलो, "क्लिप द्या! इथे सर्जन कोण आहे? तुम्ही की मी?"

त्यांचे दोन्ही हात ट्रॉलीवर होते, क्लिपच्या दोन्ही बाजूंना. ट्रॉलीची कड त्यांनी घट्ट धरली होती. मी पाहिलं होतं.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारते. दोन दाखवा."